नव्या आरमधली जुनी यादी

२० मे २०२४ ला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं, त्यामुळे सोमवार असूनही सुट्टी. सकाळी लवकर रांगेत उभी राहिले तरी शाळेच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत नऊ वाजून गेले आणि घामाने पदर पिळायची वेळ आली. घरी येऊन पन्हं प्यायले, बोटावरची शाई लॅपटॉपला लागत नाही ना हे बघितलं आणि कामाला बसले. ही सुट्टी मी आधीपासूनच हेरून ठेवली होती. आर अपडेट करायचं होतं.

आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर. परळच्या एका रुग्णालयात मी निवासी डॉक्टरांच्या प्रबंधांचं संख्याशास्त्र बघते. ‘मॅडम, पेशंट किती घेऊ?’ इथपासून ‘मॅडम, पी व्हॅल्यू येतच नाहीये हो’ इथपर्यंत सगळ्या तक्रारी माझ्या टेबलावर येतात, आणि त्यांचा निकाल आरमध्ये लागतो. योगायोग असा की आम्ही राहतो तेही आरमध्येच. महापालिकेच्या हिशेबात कांदिवली आर दक्षिण, बोरिवली आर मध्य आणि दहिसर आर उत्तर. ‘हिला दोन्हीकडे आरच,’ हा यजमानांचा विनोद गेली पंधरा वर्षं चालू आहे. मीही दर वेळी हसते.

ही भाषा ऑकलंडच्या विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन शिक्षकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला करायला घेतली. दोघांच्या नावाचं आद्याक्षर आर. शिवाय बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या एस नावाच्या भाषेवरून ती बेतलेली, म्हणून एसच्या अलीकडचं अक्षर. पहिली पक्की आवृत्ती, १.०.०, निघाली ती २९ फेब्रुवारी २००० रोजी. चार वर्षांतून एकदा येणारी तारीख हिशेबी माणसांनी कशाला निवडली असेल कोण जाणे! हे सगळं फुकट आहे. फुकट म्हणजे खरोखर फुकट, आणि त्यामुळे काही बिघडलं तर कोणाच्या नावाने खडे फोडायचे हा प्रश्नही उरत नाही.

मोठी नवी आवृत्ती वर्षातून एकदा येते, बहुतेक एप्रिलमध्ये. म्हणजे ऐन वाळवणाच्या दिवसांत. आईची वर्षाची बेगमी चालायची तेव्हा घरात एक वेगळंच वातावरण असायचं. जुने डबे रिकामे करायचे, उन्हात पालथे घालायचे, तळाशी राहिलेलं जुनं तिखट नव्यात मिसळायचं नाही. ‘जुन्याने नवं नासतं,’ असं ती म्हणायची. आर अपडेट करताना तिची ही शिस्त मला हटकून आठवते, कारण इथेही जुना डबा नव्यात ओतता येत नाही.

नवं ४.४.० उतरवलं, दोन-चारदा नेक्स्ट दाबलं, बसलं. उघडलं. पहिलीच ओळ चालवली आणि तांबडी अक्षरं आली: ‘देअर इज नो पॅकेज कॉल्ड हेवन.’ हेवन नावाचं पॅकेज इथे नाहीच. पॅकेज म्हणजे एखाद्या ठरावीक कामासाठी आरला वरून जोडायचा तयार भाग.

हे पहिल्यांदा झालं २०१३ मध्ये, ३.०.० आलं तेव्हा. माझ्या पोटात गोळाच आला होता. इतक्या वर्षांत एकेक करून जमवलेली पॅकेजं एका अपडेटमध्ये गडप! घाबरून सरांना फोन केला. मला आर शिकवलं ते त्यांनीच. ते शांतपणे म्हणाले, ‘अगं, सामान कुठे गेलेलं नाही. तू नव्या खोलीत उभी राहून जुन्या खोलीतलं कपाट शोधते आहेस.’

झालेलं असतं ते एवढंच. विंडोजमध्ये आपण घातलेली पॅकेजं आर एका फोल्डरमध्ये ठेवतं, आणि त्या फोल्डरला आवृत्तीच्या पहिल्या दोन आकड्यांचं नाव असतं. ४.३ चं सामान ४.३ नावाच्या फोल्डरमध्ये. नवं आर आलं की ते ४.४ नावाच्या फोल्डरमध्ये डोकावतं. तिथे काहीच नसतं, म्हणून ते ‘नाही’ म्हणतं. जुना फोल्डर जागच्या जागी धूळ खात असतो, जुनं आरसुद्धा शेजारी तसंच असतं. तिसरा आकडा बदलला, म्हणजे ४.४.१ वरून ४.४.२ वर गेलं, तर फोल्डर तोच राहतो आणि काही करावं लागत नाही. ‘डॉट लिबपाथ्स’ ही आज्ञा दिली की आर सध्या कुठे बघतंय ते लख्ख दिसतं. हे एक वाक्य मला कोणी आधी सांगितलं असतं तर २०१३ ची ती रात्र वाचली असती.

मग जुना फोल्डर उचलून नव्यात का टाकू नये? टाकतात काही जण, आणि पुष्कळदा चालून जातं. पण पॅकेज म्हणजे नुसता मजकूर नव्हे. ज्या आवृत्तीत ते बांधलं गेलं तिच्या आतल्या रचनेवर ते बेतलेलं असतं. ती रचना बदलली की पॅकेज उघडत नाही, किंवा उघडतं आणि मध्येच मान टाकतं. ४.०.० च्या वेळी तर आरवाल्यांनी स्पष्टच सांगितलं होतं की सगळी पॅकेजं पुन्हा बसवा. बरं, जुन्याच आवृत्तीवर बसून राहू म्हटलं तर तेही फार दिवस जमत नाही. क्रॅन हे आरचं कोठार विंडोजसाठी तयार बांधलेली पॅकेजं देतं ती चालू आवृत्तीची आणि तिच्या लगेच आधीच्या आवृत्तीची. त्याहून मागे राहिलात तर नवं पॅकेज स्वतः बांधत बसा.

आरसोबत आपोआप येतात ती पॅकेजं २९: मूळची १४ आणि शिफारशीची १५. पेशंट किती काळ जगले याचा हिशेब करणारं सर्वाइव्हल त्या पंधरातलं, म्हणून कॅन्सरवाल्या डॉक्टरांचं काम अपडेटच्या दिवशीही अडत नाही. बाकी सगळं ज्याचं त्याने आणायचं.

अपडेट करण्याआधी जुन्या आरमधून बसवलेल्या पॅकेजांची यादी काढून ठेवायची सवय मला आता लागली आहे. या वेळी नावं निघाली २१२. यादीतलं आणि नव्यात नसलेलं तेवढं सगळं बसव, असं एका ओळीत सांगता येतं, आणि ती ओळ मी लिहिलीही. पण एंटर दाबलं नाही. यादी वाचत बसले.

किराण्याची जुनी यादी सापडली की त्या महिन्यात घरी कोण पाहुणे आले होते ते आठवतं, तसं झालं. आयआरआर हे क्ष-किरण विभागातल्या दोन डॉक्टरांसाठी. एकच फिल्म बघून दोघांचं मत किती जुळतं ते मोजायचं होतं. ते फारसं जुळलं नाही, आणि त्यानंतर दोघं माझ्याकडे कधी एकत्र आले नाहीत. पीडब्ल्यूआर हे नमुन्याचा आकार काढायचं. प्रॉक हे मधुमेहाच्या एका चाचणीसाठी. सर्व्हे नावाचं पॅकेज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकडेवारीसाठी घेतलेलं. ही पाहणी आमच्या मुंबईतल्याच देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होते. तिच्यात सगळ्या घरांचं वजन, म्हणजे हिशेबातलं महत्त्व, सारखं नसतं, ते वजन न लावता सरासरी काढली की उत्तर साफ चुकतं. हेवनही त्याच कामाचं, कारण ती आकडेवारी स्टाटा या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या फायलीत मिळते. आरसोबत येणारं फॉरेन हे जुनं पॅकेज स्टाटाच्या बाराव्या आवृत्तीपर्यंतच्याच फायली वाचतं. आणि सुडोकू सोडवणारं एक पॅकेज. ते मी का घेतलं असेल याचा खुलासा माझ्याकडे नाही.

ठरवलं की सगळं आणायचंच नाही. जे काम समोर येईल त्याला लागेल तेवढंच घ्यायचं. हेवन मागितलं, तर त्याच्यासोबत आणखी डझनभर नावं सरसर उतरू लागली. घरातल्या एकाला आमंत्रण द्यावं आणि सगळी आळी जेवायला यावी तसं. माझ्या २१२ पैकी निम्म्याहून जास्त असे बिनबोलावलेलेच होते, हे तेव्हा कळलं. मध्येच आर विचारतं की एका पॅकेजची कच्ची आवृत्ती जास्त ताजी आहे, ती इथेच बांधून घेऊ का? नवख्या माणसाला वाटतं ताजं ते चांगलं, आणि तो हो म्हणतो. मीही एकदा म्हटलं होतं. आरटूल्स हे बांधणीचं हत्यार नीट बसवलेलं नव्हतं, आणि तासभर लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत राहिला. तेव्हापासून मी नाही म्हणते. तयार असलेलं एखादा अंक मागचं असेल, आपलं काय बिघडतं?

एक पॅकेज मात्र आलंच नाही. आरजीडॅल. नकाशाचं. काही वर्षांपूर्वी लेप्टोच्या रुग्णांचा वॉर्डनिहाय नकाशा मी त्याच्यावर काढला होता. कुठल्या वॉर्डात पाणी तुंबतं आणि पंधरा दिवसांनी तापाचे पेशंट कुठून येतात, हे त्यात रंगांनी दाखवलेलं. आरजीडॅल आणि त्याचे दोन सोबती, आरजिऑस आणि मॅप्टूल्स, ऑक्टोबर २०२३ मध्ये क्रॅनवरून निवृत्त झाले. नॉर्वेतले प्राध्यापक रॉजर बिव्हँड त्यांची देखभाल करायचे. ते स्वतः निवृत्त झाले, पण जाण्याआधी पुरेशी आगाऊ सूचना देऊन, ‘आता एसएफ आणि टेरा वापरा’ असं सांगून त्यांनी दार लावलं. इतक्या सभ्यपणे दुकान बंद करणारी माणसं मी कमी बघितली आहेत. सूचना मीच वाचली नव्हती. दुपारभर बसून नकाशाचा कोड एसएफमध्ये पुन्हा लिहिला. जुना साठ ओळींचा होता, नवा वीस ओळींत झाला. चरफडले ते चरफडलेच, पण नकाशा आधीपेक्षा बरा आला.

हे सगळं उरकेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि मी स्वतःवर खूश होते. जे नव्हतं त्याने ‘मी नाही’ म्हणून ओरडून सांगितलं होतं, आणि मी ते आणलं होतं. लोक अपडेटला घाबरतात ते या तांबड्या अक्षरांमुळे. मी त्यांना घाबरत नाही. ओरडणारा पेशंट बरा, असं आमचे आपत्कालीन विभागातले डॉक्टर म्हणतात. ज्याचा आवाज बंद झालाय त्याच्याकडे आधी धावायचं असतं. आरमध्येही माझी झोप उडवलेली आहे ती गुपचूप बदललेल्या गोष्टींनी. २४ एप्रिल २०२० ला ४.०.० आलं तेव्हा शहर बंद होतं, मी घरून काम करत होते. फाईल वाचली, सारांश मागितला, आणि ‘लिंग’ या रकान्यात स्त्रिया किती, पुरुष किती हे यायचं तिथे नुसतं ‘कॅरेक्टर’ असं लिहून आलं. आधी आर मजकुराच्या रकान्याचे आपोआप गट करायचं, ते त्या आवृत्तीपासून थांबलं. कुठे तांबडं नाही, कुठे सूचना नाही. बदल योग्यच होता, म्हणून मी तो माफ केला. पण त्याहून मोठा एक बदल त्याच्या आदल्या वर्षीच माझ्या दारातून आत येऊन बसला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मतदानानंतर नऊ दिवसांनी, २९ मे ला, नाशिकहून फोन आला. २०१८ मध्ये आमच्याकडे भूलशास्त्र शिकत होता तो मुलगा, आता तिकडे डॉक्टर आहे. ‘मॅडम, आपली यादी चुकली की काय हो?’

कुठली यादी? तर त्याच्या प्रबंधात ६० पेशंट होते, ३० जणांना एक औषध, ३० जणांना दुसरं. कोणाला काय द्यायचं ते यदृच्छेने ठरवलेलं, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, आणि ती चिठ्ठी मी आरकडून टाकून घेतली होती. चौघांचा एक गट, गटात दोन ए आणि दोन बी, असे १५ गट. यादीप्रमाणे पाकिटं बंद केली होती, आणि प्रत्येक पाकीट फोडलं की त्याने वहीत नोंद केली होती. आता त्याचा शोधनिबंध एका नियतकालिकाकडे गेलेला, आणि परीक्षकाने विचारलेलं की ही यादी कशी तयार केली, कोड पाठवा. माझा जुना कोड त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर चालवला आणि निघालेली यादी वहीशी जुळेना.

यदृच्छा म्हटलं तरी संगणकाची यदृच्छा ही ठरलेली असते. सुरुवातीला त्याला एक बीजांक द्यायचा, सीड. तो तोच दिला की चिठ्ठ्या त्याच क्रमाने निघतात. उद्या कोणी विचारलं तर यादी पुन्हा काढून दाखवता यावी, एवढ्यासाठीच तो लिहून ठेवायचा असतो. माझ्या वहीत तो लिहिलेला होता, त्याच्या कोडमध्येही तोच होता.

मी नव्या ४.४ वर चालवून बघितलं. पहिला गट: ए, बी, बी, ए. ‘वहीत काय आहे?’ ‘ए, बी, बी, ए.’ हुश्श झालं. दुसरा गट: बी, बी, ए, ए. ‘वहीत?’ तो क्षणभर थांबला. ‘बी, ए, बी, ए.’

चौघांत दोन ए आणि दोन बी लावायच्या तऱ्हा सहाच. म्हणजे पहिला गट जुळला तो सहात एक अशा नशिबाने, आणि त्या नशिबाने मला अर्धा मिनिट खोटा धीर दिला. मी याच गोष्टी मुलांना शिकवते.

त्या अर्ध्या तासात काय काय मनात आलं ते लिहायला लाज वाटते. मी त्याला दुसऱ्याच फायलीतली यादी दिली होती का? पाकिटं कोणी बदलली का? बीजांक वहीत उतरवताना एक आकडा इकडचा तिकडे झाला का? ६० माणसांच्या पाठीत सुया टोचून झालेलं काम, आणि त्याच्या मुळाशी असलेली यादी मला परत काढता येत नाही!

मग वहीचं पान पुन्हा बघितलं. बीजांक होता, तारीख होती, सही होती. आरची आवृत्ती लिहिलेली नव्हती. २०१८, म्हणजे ३.५. आणि ३.६.० आलं एप्रिल २०१९ मध्ये. तेव्हा ट्यूब पेटली.

३.६.० मध्ये आरने चिठ्ठी उचलायची पद्धत बदलली. आधी एक अपूर्णांक काढून त्याला एकूण चिठ्ठ्यांच्या संख्येने गुणायचं आणि दशांश कापून टाकायचे, अशी रीत होती. चिठ्ठ्या अतिशय जास्त असल्या तर त्या कापाकापीत काहींना किंचित जास्त संधी मिळायची. ते दुरुस्त केलं. साठ पेशंटांच्या यादीला त्या दोषाचा काडीचा फरक पडत नव्हता, पण रीत बदलली म्हणून क्रम बदलला. ज्यांच्याकडे आर आहे त्यांनी करून बघावं: बीजांक ४२ द्या आणि १ ते १० आकडे विस्कटायला सांगा. जुन्या आरमध्ये १०, ९, ३, ६, ४, ८, ५, १, २, ७ असे येत. आता १, ५, १०, ८, २, ४, ६, ९, ७, ३ येतात. दोन्ही वेळा आर तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देतं. हा बदल तेव्हाच्या निवेदनात छापलेला होता, लपवाछपवी कोणी केली नव्हती. पण माझा २०१८ चा कोड मधल्या सहा वर्षांत कोणी चालवलाच नव्हता, मग तो बोलणार कुठून?

उपाय एका ओळीचा आहे. बीजांकाच्या आधी ‘आरएनजीव्हर्जन’ ही आज्ञा आणि तिच्यात ३.५.०. आरने नाक मुरडलं. ही जुनी पद्धत सर्वांना समान संधी देत नाही, असा इशारा दिला. म्हटलं माहीत आहे बाई, पण पाकिटं तिनेच भरली होती.

‘हं, वही घे. आता तू वाच.’

तो वाचू लागला. फोन स्पीकरवर, मी पडद्यावर पट्टी ठेवलेली. ए, बी, बी, ए. हो. बी, ए, बी, ए. हो. स्वयंपाकघरातून यजमान डोकावले, हाउजी चाललाय का म्हणून. मी हात केला. तिसरा, चौथा, सातवा. अकराव्या गटाला त्याचा आवाज घाईचा झाला, तर मी त्याला हळू वाच म्हटलं. पंधरावा गट: बी, ए, ए, बी. हो.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, ‘मॅडम, ही आवृत्तीची भानगड परीक्षकाला कळवायची?’

‘कळवायची. आकड्यासकट. आणि कोडमध्ये ती ओळ ठेवून पाठव.’

‘ते म्हणतील आधी का नाही लिहिलंत.’

‘म्हणू देत. चूक माझी आहे, माझं नाव घाल.’

फोन ठेवल्यावर २०१८ च्या पानावर, बीजांकाच्या खाली, ‘आर ३.५’ असं लिहिलं. पेन मुद्दाम वेगळ्या रंगाचं घेतलं. राहिलेली नोंद मागाहून करायची तर मागची तारीख घालायची नाही, हे मीच दर वर्षी नव्या निवासी डॉक्टरांना बजावून सांगत असते. त्या ओळीपुढे सही केली आणि तारीख घातली, २९ मे २०२४.